आजीच्या पेटीतली वर्तमानपत्राची पाने: औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या जुन्या जाहिराती कशा वाचाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरी माळ्यावर आजीची लाकडी पेटी सापडली. आतून जुन्या मराठी वर्तमानपत्राची चार पाने खळीने चिकटवलेली आहेत. नाव आणि तारीख फाटून गेली आहे, पण जाहिराती स्वच्छ वाचता येतात. एक बाळांच्या ‘अमृता’ची आहे, एक थंडीतापाच्या गोळ्यांची, एक माल्ट घातलेल्या दुधाच्या डब्याची आणि एक कापूर-पेपरमिंटच्या थेंबांची. ही पाने कोणत्या वर्षीची? बाटलीची किंमत बारा आणे म्हणजे तेव्हा महाग की स्वस्त? आणि यातले एखादे औषध आज घरी करता येईल का?

आधी एक कळकळीची विनंती. पाने सोडवायला घेऊ नका. पाणी मारू नका, सुरी घालू नका, वाफ तर मुळीच देऊ नका. वर्तमानपत्राचा तो कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, आम्ल धरतो आणि ठिसूळ होतो. ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ संपते, बोटाच्या टोकालाही तो टिकत नाही. शाई तेलाची असल्यामुळे बहुधा पसरत नाही, फाटतो तो कागद. शिवाय किडीने खाऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालायची पद्धत होती. कागदाच्या कडेला निळसर-हिरवी झाक दिसली तर हातमोजे घाला आणि लहान मुलांना पेटीजवळ येऊ देऊ नका. पान जिथे आहे तिथेच राहू दे, पेटी आणि तिचे अस्तर ही एकच वस्तू आहे असे समजा. चारही पाने सुटी झाली आणि पेटी कोरी झाली, तर कोणते पान कोणावर चिकटले होते ही सर्वांत कामाची माहिती जाते.

त्याऐवजी फोटो घ्या. पावसाळ्यात नको, हवा कोरडी झाल्यावर घ्या, कारण आषाढ-श्रावणात फुगलेला कागद सपाट दिसत नाही. दिवसाच्या उजेडात आधी पूर्ण पान, मग एकेक जाहिरात, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. फोन कागदाला समांतर धरा. मग खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवी, कागदाच्या पातळीला लावून दुसरा फोटो घ्या. तिरक्या उजेडात खिळ्यांचा (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचा) दाब, ब्लॉकच्या (चित्राच्या धातूच्या ठशाच्या) कडा आणि चिकटवलेल्या पानांचे थर उठून दिसतात. शेवटी जिथे एक पान दुसऱ्यावर चढले आहे त्या जोडाचा जवळून फोटो घ्या.

तो जोड का महत्त्वाचा? पेटीला अस्तर लावले ते चारांपैकी सर्वांत अलीकडच्या पानानंतर. बाकीची पाने पाच-दहा वर्षे आधीची असू शकतात. घरात रद्दी साठलेली असते आणि अस्तराला हाताला येईल तो कागद लागतो. म्हणून ‘ही पाने कोणत्या वर्षीची’ हा प्रश्न चार वेळा वेगवेगळा विचारावा लागतो. एका पानाचे वर्ष सापडले म्हणून ते बाकीच्या तिघांना लावू नका. यात सगळ्यांचीच चूक होते.

आता तारीख. वर्तमानपत्राचे नाव गेले असले तरी पानाच्या डोक्यावरच्या बारीक ओळीचा एखादा तुकडा उरलेला असतो. शके आणि संवत्सराचे नाव दिसले तर काम झालेच. शक सालात ७८ मिळवले की गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे इसवी सन येते, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. नुसते ‘रक्ताक्षी’ एवढेच वाचता आले तरी पुरे, कारण साठ वर्षांत ते एकदाच येते. शके १८४६, म्हणजे १९२४-२५. ‘प्रभव’ असेल तर शके १८४९, म्हणजे १९२७-२८. तारीख आणि वार एवढेच उरले असतील तर वर्षांची यादी लगेच लहान होते, कारण ठरावीक तारखेला ठरावीक वार दर पाच, सहा किंवा अकरा वर्षांनीच येतो. सरकारी नोटिशीत किंवा लिलावाच्या जाहिरातीत तारीख असेल तर ती आधी पाहा. औषधाची जाहिरात वर्षानुवर्षे तीच चालते, लिलावाची एकदाच.

यातले काही नसेल तर जाहिरातींवर यावे लागते, आणि तिथे एक नियम मी कधी सोडत नाही. ‘यानंतरचे’ असे सांगणारी खूण पक्की असते, ‘याआधीचे’ असे सांगणारी कच्ची. एखादा शब्द, कंपनी किंवा लिपीची पद्धत पानावर आहे, तर पान तिच्या जन्मानंतरचेच. ती पानावर नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

काही पक्क्या खुणा अशा. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द मुळात १९१२ साली घडवला गेला. त्यामुळे तो किंवा ‘जीवनसत्त्व’ जाहिरातीत असेल तर पान त्याआधीचे असूच शकत नाही, आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत तो मिरवू लागला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ‘अमृतांजन’ १८९३ नंतरचे, झंडू १९१० नंतरचे, चेहऱ्याला लावायचा ‘अफगाण स्नो’ १९१९ नंतरचा, ‘डालडा’ १९३७ नंतरचा. पनवेलच्या धूतपापेश्वरचे नाव मात्र फार मदत करत नाही, कारण तो आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ पासूनचा आहे. हॉर्लिक्सचे माल्ट घातलेले दूध अमेरिकेत १८८३ पासून होते, पण झोपेत शरीराची उपासमार होते आणि म्हणून रात्री ते प्यावे, ही कल्पना १९३० च्या दशकातल्या जाहिरातींची. तुमच्या डब्याच्या जाहिरातीत नुसते ‘अशक्तांस व मुलांस उत्तम’ असे असेल तर वर्ष मोकळेच राहते. रात्रीच्या झोपेवर आणि सकाळच्या थकव्यावर सगळा जोर असेल तर १९३० नंतरचे समजायला हरकत नाही.

फसव्या खुणाही आहेत. ‘इन्फ्लुएंझा’ दिसला की लोक सरळ १९१८ लिहितात. तो शब्द १८८९-९० च्या साथीपासूनच वर्तमानपत्रांत होता. प्लेगचेही तसेच, १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग पुढे कितीतरी वर्षे जाहिरातींत राहिला. ‘तें’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार पाहून पान फार जुने वाटते, पण ते अनुस्वार अधिकृतपणे गेले १९६२ च्या नियमांनी. तोवर सगळेच तसे लिहीत. याउलट ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी अ ची बाराखडी दिसली, तर ती सावरकरांच्या लिपीसुधारणेची पद्धत. त्या पानाला १९३० च्या आसपास किंवा पुढे ठेवा.

गोव्यातल्या पानांना एक खास खूण असते, ती म्हणजे पोर्तुगीज मजकूर. पुष्कळ पानांवर दुकानाचे नाव रोमन लिपीत असते. पोर्तुगालने १९११ साली शुद्धलेखन बदलले. त्याआधी ‘फार्मासिया’ हा शब्द पी आणि एच ही अक्षरे जोडून लिहीत, नंतर एफने. एफ दिसला तर पान १९११ च्या आसपासचे किंवा नंतरचे. पी-एच दिसला तर घाई नको, कारण जुनी पाटी आणि जुना ब्लॉक दुकानदार सहसा बदलत नाही. वर्तमानपत्र सेन्सॉरने तपासल्याची पोर्तुगीज ओळ छापलेली असेल तर ते १९२६ च्या लष्करी उठावानंतरचे, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळाकडे झुकणारे. आणि पान गोव्यातच छापलेल्या मराठी पत्राचे असेल तर ते १९१० नंतरचे असण्याचा संभव जास्त. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरिकत्वाचे वारे लागले आणि गोव्यात मराठी पत्रे भराभर निघू लागली. मराठी पत्रे त्याआधीही होती, ‘आनंदलहरी’ १८७० ची. म्हणून याला मी संभवच म्हणेन, पुरावा म्हणणार नाही.

आता ठशांकडे या, कारण इथे डोळ्यांनी दिसणारे असे काही आहे जे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. छोट्या छापखान्यात जाहिरात दर आठवड्याला नव्याने जुळवत नसत. खिळे, पितळी रूळ आणि चित्राचा ब्लॉक दोऱ्याने बांधून तो जोड तसाच ठेवून देत आणि दर अंकाला फर्म्यात, म्हणजे छापायच्या पानाच्या चौकटीत, बसवत. वर्षाचा करार असला की तोच जोड पन्नास वेळा दाबाखाली जाई. त्यामुळे तो झिजतो. चौकटीचा एक कोपरा उघडतो, रूळाला बारीक खाच पडते, ‘र’ची शेपटी तुटते, बाळाच्या चित्राच्या गालावर शाई भरून काळा डाग येतो. बाळाच्या अमृताची तीच जाहिरात तुमच्या दोन पानांवर असेल तर भिंगाने चारही कोपरे ताडून पाहा. एकीत कोपरा जुळलेला आणि दुसरीत अर्ध्या मिलिमीटरची फट असेल, तर फटीची जाहिरात नंतरची. मात्र किंमत, पत्ता किंवा एखादी ओळ बदललेली असेल तर मधे जोड सुटला होता, कोपरे तेव्हा नव्याने बसवले असतील. अशा वेळी चित्राच्या ब्लॉकवरची इजा पाहा. ब्लॉक जस्ताचा किंवा तांब्याचा असतो, त्यावरचा ओरखडा भरून येत नाही.

चित्र ठिपक्यांचे आहे की रेघांचे, तेही बघा. छोट्या छापखान्यांत जाड्याभरड्या कागदावर ठिपक्यांचा फोटो काळा गिच्च व्हायचा, म्हणून औषधवाले रेघांचे चित्रच पसंत करत. पाठीवर मोठा मासा घेतलेला, स्कॉट्स इमल्शन या माशाच्या तेलाच्या औषधाचा कोळी ओळखायला सोपा, तो याच कारणाने. परदेशी आणि मोठ्या मुंबईकर कंपन्या तयार ब्लॉक पाठवत, मजकूर मात्र इथला खिळेजुळारी मराठीत जुळवी. चित्र अगदी सफाईदार आणि मजकुराचे खिळे झिजलेले असा विजोड दिसला तर जाहिरात बाहेरून आलेली आहे. तिच्यातले मराठीही तपासा. वाक्ये इंग्रजीच्या वळणाची, लांबलचक असतील तर ती कोणा एजन्सीकडून आली असणार. गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ पासून हे काम करत होती, आणि १९२९ मध्ये अमेरिकेच्या जे. वॉल्टर थॉम्पसनने मुंबईत कचेरी उघडली. त्यानंतर परदेशी खाद्यपदार्थांच्या जाहिरातींचा चेहरामोहरा बदलला. बोलणाऱ्या माणसांची चित्रे, आईची काळजी, शेजारणीचा सल्ला असा छोटा प्रसंग येऊ लागला. १९१५ च्या जाहिरातीत प्रसंग क्वचित, रोगांची यादी आणि प्रशस्तिपत्रे जास्त.

इथपर्यंतचे काम एवढेच: आधी डोक्यावरची ओळ आणि नोटिशी, मग ‘यानंतरच्या’ खुणा, मग कोपऱ्यांची झीज. या तिन्हींतून पाच ते दहा वर्षांचा पट्टा मिळाला तर समाधान माना.

नेमके साल हवे असेल तर पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जावे लागेल. तिथे जाताना जाहिरातीचा फोटो तर न्याच, पण त्याहून उपयोगी म्हणजे स्तंभाची रुंदी मिलिमीटरमध्ये, पानावरच्या स्तंभांची संख्या आणि दोन स्तंभांमध्ये उभी रेघ आहे की कोरी जागा, हे लिहून न्या. प्रत्येक छापखान्याचे हे माप ठरलेले असते, त्यावरून वर्तमानपत्राचे नाव आधी निश्चित करता येते. मग त्या पत्राच्या बांधीव फायली काढा आणि बातम्या वाचत बसू नका, दर अंकाचे शेवटचे पान तेवढे उलटा, कारण जाहिरातींची गर्दी तिथेच असते. स्तंभाचे माप गोव्यातल्या कोणत्याच पत्राशी जुळत नसेल तर पान मुंबई-पुण्याकडून टपालाने आलेले असेल. ‘केसरी’ गोव्यातही वाचला जाई. मग शोध दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे वळवा.

किमतीचा प्रश्न खरा अवघड आहे, आणि त्याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, तेव्हाचे ४८ पैसे (रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होत). गोव्यात पोर्तुगीज रुपया चाले, त्याचे १६ तांगा, आणि तो ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा होता. म्हणून जाहिरातीतले आणे इथल्या वाचकाला गणित न करता कळत. आजच्या रुपयांत त्याचे रूपांतर करून देणारे जे आकडे फिरतात त्यांवर मी विसंबत नाही. तांदूळ, मजुरी आणि टपाल यांचे भाव वेगवेगळ्या गतीने वाढले आहेत, तेव्हा एकच गुणक सगळ्यांना लावता येत नाही. त्यापेक्षा त्याच पानावर मोजा. बाजारभावाचा स्तंभ असेल तर तांदूळ, गूळ, खोबरेल यांचे दर पाहा आणि बाटलीच्या किमतीत काय काय आले असते ते काढा. वर्तमानपत्राची वर्गणी छापलेली असेल तर बाटली म्हणजे किती महिन्यांची वर्गणी ते काढा. पानाबाहेर न जाता मिळालेली ही तुलना सर्वांत भरवशाची.

बाटलीत किती माल होता तेही लक्षात घ्या. ४ औंसांची बाटली म्हणजे सुमारे ११४ मिलिलिटर. दिवसाला दोन छोटे चमचे म्हटले तर अकरा-बारा दिवसांत संपते. तोळा ११.६६ ग्रॅमचा, ग्रेन ६५ मिलिग्रॅमचा आणि गुंज सुमारे १२० मिलिग्रॅमची. गुंज आणि ग्रेन एकच समजण्याची चूक वारंवार होते आणि त्यात मात्रा जवळजवळ दुप्पट होते.

गोव्याच्या गिऱ्हाइकाला छापील किमतीवर आणखी भुर्दंड पडायचा. जाहिरातीच्या तळाशी ‘टपालखर्च निराळा’ असते, पण दुसरी गोष्ट, म्हणजे जकात, तिथे लिहिलेली नसते. ब्रिटिशांशी झालेल्या करारामुळे १८८० पासून दोन्ही मुलखांची जकात एकत्र होती, तो करार १८९२ ला संपला. पुढे ब्रिटिश हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनाकडून येणारा माल परक्या देशातून आल्यासारखाच होता. म्हणून गोव्यात कोणा स्थानिक दुकानदाराकडे माल मिळतो का, याला फार किंमत होती. तुमच्या चारही जाहिरातींची सर्वांत खालची ओळ वाचा. ‘मडगांव’, ‘म्हापसें’, ‘फोंडें’ किंवा ‘नोवा गोवा’ इथला विक्रेता दिलेला असेल तर ती जाहिरात मुद्दाम गोव्यासाठी दिलेली आहे आणि माल इथे येत होता असे म्हणता येते. नोवा गोवा म्हणजे पणजीच, ते तिचे सरकारी नाव होते. नुसता मुंबईचा पत्ता असेल तर एवढेच सिद्ध होते की कंपनीने जागा विकत घेतली होती.

यावरूनच दुसरी एक सावधगिरी. जाहिरात आहे म्हणजे घराघरांत ते वापरत होते, असे लिहू नका. जमाखर्चाच्या वहीतली नोंद, दुकानाचे बिल, माळ्यावरची रिकामी बाटली किंवा स्वयंपाकघरात मोहरी भरून ठेवलेला डबा हा वापराचा पुरावा. तुमच्या घरात त्या काळची कीर्द असेल तर ती या पानांहून मोलाची आहे.

‘रजिस्टर्ड’ हा शब्दही नीट वाचायला हवा. ब्रिटिश हिंदुस्थानात व्यापारचिन्हांचा कायदा १९४० चा. त्याआधी ‘रजिस्टर्ड’ म्हणजे मालकाने आपल्या चिन्हाचे निवेदन नोंदणी कचेरीत दाखल केले एवढेच. औषध तपासून सरकारने शिक्का मारला असा त्याचा अर्थ नाही, पण वाचकाला तसाच वाटावा अशा ठळक टायपात तो छापत. ‘नकली मालापासून सावध’ ही ओळ मात्र खरी उपयोगाची आहे, कारण ती दिसली की त्या मालाची खरोखर नक्कल होण्याइतकी विक्री होती असा अंदाज बांधता येतो.

आता औषध करून पाहण्याविषयी. इथे मी आडपडदा ठेवणार नाही. बाळांचे अमृत, थंडीतापाच्या गोळ्या आणि त्या प्रकारातले काहीही करून पाहू नका. माळ्यावर भरलेली बाटली सापडली तर बूच काढून वासही घेऊ नका. कारण साधे आहे: जाहिरातीत घटक दिलेले नसत, आणि दिले असले तरी सगळे नसत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून निकाल छापले. बीचमच्या नावाजलेल्या इंग्रजी गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग (फार्दिंग म्हणजे पाव पेनी) आणि डबी विकली जाई १ शिलिंग दीड पेनीला, म्हणजे साडेतेरा पेनीला. ते तरी निरुपद्रवी होते. कॉलिस ब्राऊनच्या क्लोरोडाइन या पातळ औषधात अफूचा अर्क, गांजा आणि क्लोरोफॉर्म होता, आणि ते हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत राजरोस विकले जाई. मुंबईकडे बाळ शांत झोपावे म्हणून अफूची बाळागोळी द्यायची चाल होती. दात येताना द्यायच्या कितीतरी पुडींत रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. ‘बाळ लगेच शांत होते’ हे वाक्य जाहिरातीत दिसले की माझे लक्ष आधी अफूकडे जाते.

सगळ्याच बाटल्या अशा नव्हत्या. वुडवर्डच्या ग्राइप वॉटरचा मूळ पाठ ठाऊक आहे: शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के मद्यार्क. आजीच्या काळच्या सहाणेशी याची तुलना करून पाहा. घुटी देताना हिरड्याचे दोन वेढे, वेखंडाचा अर्धा, जायफळाचा एक, असे हाताने ठरायचे, आणि उगाळणारा हात बदलला की मात्रा बदलायची. बाटलीने विकली ती ही खात्री: रोज तेवढेच, चमच्याने मोजून, सहाण न धुता. त्या काळच्या आईला ही केवढी सोय वाटली असेल. या जाहिरातींकडे मी आदराने बघते ते यामुळे. त्यांतली बढाई सोडून दिली की घरातल्या बाईचे कोणते काम जड होते ते त्यांतून नेमके कळते.

चौथी जाहिरात कापूर-पेपरमिंटच्या थेंबांची आहे असे तुम्ही लिहिले आहे. या जातीचे सर्वांत गाजलेले औषध म्हणजे लाहोरची अमृतधारा, १९०१ पासूनची. या प्रकाराचा गाभा आजही लोकांना माहीत आहे: भीमसेनी कापूर, पेपरमिंटचे फूल आणि ओव्याचे फूल सम भाग. तिन्ही खडे कोरड्या काचेच्या बाटलीत घालून हलवले की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचा पातळ द्रव होतो. तिन्ही पदार्थ एकमेकांत मिसळले की वितळण्याचे तापमान खूप खाली येते, म्हणून असे होते. बाटली ओली असेल तर द्रव गढूळ राहतो, प्लॅस्टिकची असेल तर प्लॅस्टिक मऊ पडते. प्रयोग म्हणून, डोक्याला बाहेरून चोळायला, एवढ्यापुरते ठीक. पोटात घ्यायचे नाही, आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ तर न्यायचेच नाही. लहान मुलाला एक ग्रॅमइतका कापूरही जिवावर बेतू शकतो. जाहिरातीत ‘पटकी, पोटदुखी, विंचवाचा दंश, दातदुखी, सर्वांवर’ असे लिहिलेले असेल तर ते त्या काळचे लिहिणे आहे. औषधांच्या जाहिरातींतल्या असल्या कित्येक दाव्यांवर भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आली, आणि गोवा तेव्हा भारतात नव्हता.

खाद्यपदार्थाच्या डब्याबाबत भीती नाही, पण एक बारकावा आहे. माशाच्या यकृताचे तेल, माल्टचे दूध, बिस्किटे या मालाला मराठी पत्रांत नेहमी शुद्धतेची ग्वाही द्यावी लागे: चरबी नाही, मद्य नाही, अमुक हातांनी तयार केलेले. पुण्याच्या वाचकाला जी अडचण वाटे ती गोव्यात प्रत्येक घरी वाटत नसे. मासे खाणाऱ्या सारस्वत घरात माशाच्या तेलाला धर्माची आडकाठी नव्हती, वासाची होती. म्हणून तीच जाहिरात गोव्याच्या पत्रात शुद्धतेची ओळ गाळून छापली आहे का, हे पाहण्यासारखे आहे. गाळलेली असेल तर इथल्या एजंटाने मजकुरात हात घातला आहे, आणि ते फार क्वचित सापडते.

आणखी एक. चारांपैकी एखाद्या पानाच्या कोपऱ्यात बायकांसाठीच्या गोळ्यांची लहानशी जाहिरात असेल, ‘ऋतु साफ येण्यासाठी, गरोदर स्त्रियांनी घेऊ नये’ अशी, तर ती सूचना शब्दशः वाचू नका. त्या काळी ज्या गोष्टीची जाहिरात उघड करता येत नव्हती, तिची जाहिरात अशा इशाऱ्यातूनच होई. पुरुषांसाठीच्या धातुपुष्टीच्या जाहिराती जितक्या मोठ्या आणि मोकळ्या, तितक्याच या लहान आणि आडपडद्याच्या. सूची करताना त्या गाळू नका. घरच्या मोठ्यांना पेटी दाखवणार असाल तर आधी त्यांना सांगून ठेवा, एवढेच.

पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा मला तीन गोष्टी हव्या आहेत: बाळाच्या अमृताच्या चौकटीचे चारही कोपरे जवळून, प्रत्येक जाहिरातीची सर्वांत खालची ओळ, आणि स्तंभाची रुंदी पट्टीसकट. माल्टच्या दुधाच्या जाहिरातीत चित्र असेल तर तेही, म्हणजे ठिपके आहेत की रेघा ते बघता येईल. पेटी तोवर भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर पाटावर ठेवा आणि झाकण अर्धवट उघडे राहू द्या. डांबराच्या गोळ्या टाकू नका. वाळवीची माती किंवा कसर दिसली तर आधी तिचा फोटो टाका.